लिंबं चिरडायची घाई

तिसगावात सबिहाच्या तोंडी कुणी लागत नाही. बापाचं गॅरेज तिनं हातात घेतलं तेव्हा "बाई काय गाडी खोलणार?" म्हणणारे पुष्कळ होते. आज त्यांचेच ट्रॅक्टर तिच्या दारात रांगेनं उभे असतात. पण त्या सकाळी सबिहालाच स्वतःची खात्री वाटत नव्हती. समोर ज्ञानेश्वरीची जुनी गाडी होती, आणि त्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सबिहानं आयुष्यात पहिल्यांदाच उघडून, नव्या प्लेटा घालून परत बसवला होता.

ही गाडी काही चैनीची नव्हती हो. उसाच्या ट्रॉलीखाली सापडल्यापासून ज्ञानेश्वरीच्या डाव्या पायात जोर नाही, क्लच दाबता येत नाही. बिनक्लचची ही गाडी घेतली आणि बाई सुटली! साड्यांची गाठोडी मागं टाकायची नि आज हा बाजार, उद्या तो. गाडी बसली आणि तिला पुन्हा नवऱ्याच्या, छगनच्या, मोटारसायकलची वाट बघत ओट्यावर बसायची पाळी आली. "आज वेळ न्हाई, उद्या बघू," हे ऐकून तिचे कान किटले होते. दुसऱ्या एका गॅरेजात बॉक्स एकदा दुरुस्त झाला होता, पण गाडी घरी पोचायच्या आतच तो जळाला. आता पुन्हा जळाला तर गाडी भंगारात, असं छगननं बजावूनच ठेवलं होतं.

मागल्या खेपेला तो का जळाला, हे अर्धं काळ्याठिक्कर प्लेटांनी सांगितलं, अर्धं ज्ञानेश्वरीच्या सासूनं, राहीबाईनं.

"मावशी, चाकाखालची लिंबं कधी चिरडली होती?"

"कधी म्हंजी? सेल मारल्या मारल्या! गाडी चालू झाली अन् लिंबू तसंच ऱ्हायलं, तर नजर आत शिरती."

सबिहानं कपाळाला हात लावला. इंजिन सुरू झालं की हा बॉक्स आधी घटाघटा तेल पितो. काठोकाठ भरलेलं तेल आतल्या नळ्यांत कुठल्या कुठं जातं, ते चालू इंजिनातच पुन्हा भरावं लागतं. आणि या शहाण्यांनी त्याला कोरड्या घशानं लिंबावर पळवलं होतं!

"या वेळी लिंबं नकोच," सबिहा म्हणाली. राहीबाई फुरंगटली. "मग मी नारळ बी न्हाई फोडायची, अन् ही गाडी दारात बी येऊ द्यायची न्हाई." म्हातारीपुढं कोण डोकं फोडणार? सबिहानं मुकाट जॅक लावून पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून उचलली, खाली स्टँड दिले. "ठेवा आता लिंबं. गाडी हलायचीच नाही, तर चिरडणार कोण?"

सबिहाचे वडील फक्रुद्दीनमिस्त्री खुर्ची सोडून उठून आले. सगळी हयात ट्रॅक्टरमध्ये गेलेली. त्यांनी तेलाची पट्टी ओढून पाहिली. "भरलंय की खुणेपर्यंत. लाव झाकण."

"अब्बा, हा ट्रॅक्टर नाही." ती दारात उभ्या ज्ञानेश्वरीकडं वळली. "ज्ञानेश्वरी, बस आत. ब्रेकवर पाय ठेव आणि मी सांगेपर्यंत गिअरच्या दांड्याला हात लावू नकोस. मार सेल."

इंजिन सुरू झालं आणि खालून तहानलेल्या बॉक्सचा रडका आवाज यायला लागला. सबिहानं पट्टी ओढली. पट्टी कोरडी ठाक!

"या अल्ला, गळालं कुठं?" म्हणत मिस्त्री वाकून गाडीखाली बघायला लागले. सबिहानं नरसाळं लावून चालू इंजिनातच लाल तेल ओतायला सुरुवात केली. डबा संपला.

"टाक रिव्हर्सला. ब्रेक सोड."

चाक हललं नाही.

"पुढच्या गिअरला."

चाक ढिम्म. ज्ञानेश्वरीनं काचेतून सबिहाकडं पाहिलं. बॉक्स बसवताना आपल्या हातून आतली एखादी रिंग उलटी तर बसली नाही ना, असं सबिहाला वाटून गेलं.

"झालं!" मोटारसायकलला टेकून उभा असलेला छगन म्हणाला. "मी म्हनलंच हुतं. भंगारवाल्याला फोन लावतो."

"फोन खिशात घाल, नाहीतर तेलात बुडवीन!" सबिहा कडाडली. तिनं दुसरा डबा फोडला. एक थेंब बाहेर सांडू दिला नाही. ओतता ओतता तो रडका आवाज बारीक झाला, आणखी बारीक झाला, आणि थांबला.

"पुन्हा रिव्हर्स. ब्रेक हळूच सोड."

गाडीनं लहानसा आचका दिला आणि चाक मागं फिरायला लागलं!

"आता पुढं!"

चाक थांबलं आणि पुढं फिरलं, मऊ, बिनखरखरीचं. "फिरलं रं फिरलं!" राहीबाई टाळ्या पिटत ओरडली. फक्रुद्दीनमिस्त्रींनी डोळे पुसले नि लेकीच्या तेलकट डोक्यावर हात ठेवला. "मला नसतं जमलं," ते म्हणाले. सबिहाला रडूच फुटलं, पण तिनं ते लगेच शिव्यांवर नेलं. "बघत काय बसलात? जॅक लावा, स्टँड काढा!"

ज्ञानेश्वरीनं गिअर काढून ब्रेक दाबला, तशी गाडी खाली उतरली. इंजिन चालूच ठेवून तिनं पुन्हा पट्टी पाहिली. तेल नेमकं खुणेवर होतं. राहीबाईनं लिंबं चाकांपुढं सरकवली आणि पहिल्यांदाच परवानगी मागितली. "आता चिरडू का गं?"

"आता पोतंभर चिरडा, मावशी!"

नारळ फुटला. फच्च, फच्च करत लिंबं चिरडली, आणि गाडी रस्त्याला लागली. घराकडं नव्हे, बाजाराच्या अंगाला वळली.

"अगं, मला तर घे!" राहीबाई पदर सावरत चार पावलं धावली. ज्ञानेश्वरीनं खिडकीतून हात हलवला, पण ती थांबली नाही.

छगन मोटारसायकलची किल्ली हातात घेऊन तसाच उभा होता. "आता ही येनार कधी?"

सबिहानं चिंधीला हात पुसले.

"तिला वाटेल तेव्हा, भाऊ."