फौजदाराचा नियम

"बॅटरी बाहेर, म्हणजे मशीन झोपलेलं. बॅटरी आत, म्हणजे जागं. मग आवाज येवो नाहीतर न येवो. काय?" मुकादमबाईंनी करवतीतून बॅटरी उपसून हातात धरली आणि सगळ्या टोळीवरून नजर फिरवली.

"जागं!" टोळी म्हणाली.

खारोबाही म्हणाला, पण जरा मागून. आधी त्याने बाईंचे ओठ पाहिले होते, मग शेजारी उभ्या, टोळीची गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरचे, आणि मग तोंड उघडले होते. ही युक्ती त्याच्या आता इतकी अंगवळणी पडली होती की घरी बायकोशी बोलतानाही तो तिच्या तोंडाकडेच बघायचा. एवढं लक्ष लग्न झालं तेव्हा दिलं असतं तर बरं झालं असतं, असं ती म्हणायची, आणि तेही तो ओठांवरून वाचायचा.

खारोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. शहराच्या बागखात्यात झाडं छाटायला लागला तेव्हा खारीसारखा सरसर शेंड्यावर जायचा, म्हणून कुणीतरी ते चिकटवलं आणि ते निघालंच नाही. केस पांढरे झाले तरी चढणं तसंच राहिलं. गेले ते कान. पेट्रोलची करवत उमेदीची सगळी वर्षं त्याच्या कानाशी किंचाळत होती, आणि कानांवर झाकणं लावणं तेव्हा त्याला भित्रेपणाचं वाटायचं.

हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की झाड संपलं. मग रोपवाटिकेत पिशव्यांमध्ये माती भरत बसायचं, ते थेट निवृत्तीपर्यंत.  पेट्रोलच्या करवतीपाशी निभावून गेलं, कारण तिच्यापुढे सगळेच बहिरे, आणि ती चालू आहे हे हातांना काय, दातांनाही कळायचं. ही नवी बॅटरीची करवत खटका दाबेपर्यंत अगदी गप्प, आणि दाबला की त्याच क्षणी सुटणारी.

तरी त्याचं निभावत होतं ते फौजदारामुळे. फौजदार म्हणजे त्याचा खालचा माणूस, दोर धरणारा. जन्मात पोलिसात नव्हता, पण स्वभाव तसाच. त्याचा एक नियम होता. झाडाखाली कुणी ओरडायचं नाही. काही सांगायचं असेल तर कापणाऱ्याच्या नजरेसमोर जाऊन हात वर करायचा. त्याने बॅटरी काढून दाखवली की मगच पुढे पाऊल टाकायचं. चुकून कुणी हाक मारली तर फौजदार त्याची अशी खरडपट्टी काढायचा की तो माणूस दिवसभर कुजबुजतच बोले. खारोबालाही हे जरा अतीच वाटायचं. चहाच्या वेळी तो छाती काढून, भुवया चढवून फौजदाराची नक्कल करायचा आणि टोळी पोट धरून हसायची.

त्या दिवशी फौजदाराचा गुडघा सुजला होता, म्हणून तो घरीच होता. एका शाळेच्या आवारात वाऱ्याने झाड आडवं झालं होतं. मुलं वर्गात कोंडलेली, खिडक्यांना नाकं लावून बसलेली. दोर आणि फांद्या सांभाळायला ड्रायव्हर.

खारोबाने हेल्मेट, तोंडावरची जाळी, हातमोजे, जाड विजार सगळं नीट चढवलं. चेनचा ताण पाहिला, तेल पाहिलं, मग बॅटरी आत ढकलली. चार-सहा फांद्या झकास उतरल्या. पुढची कुठून धरावी हे ठरवायला तो थांबला. करवत गप्प झाली. ड्रायव्हरला वाटलं, झालं काम. "थांब हां, ही ओढून घेतो!" असं म्हणत तो पलीकडून पानांत शिरला. दोनदा ओरडला म्हणे. खारोबाने खटका दाबला.

फांदी अचानक हलली. चेन फिरते त्या पट्टीचं टोक तिला टेकलं आणि करवत उसळून त्याच्या तोंडाकडे आली. करवतीची पुढची, ब्रेकची दांडी मनगटावर आदळली, ब्रेक बसला आणि चेन जागच्या जागी थांबली. दोन्ही हातांची पकड सुटली नव्हती, म्हणून बचावला. पानं बाजूला झाली तेव्हा पट्टीपासून वीतभरावर ड्रायव्हरचं तोंड होतं, पांढरंफटक.

खारोबाने आधी बॅटरी काढली. मग तो खोडावरच बसला.

"बहिरा आहेस का रे?" ड्रायव्हर इतक्या मोठ्याने ओरडला की हे मात्र खारोबाला ऐकू आलं. लगेच ड्रायव्हरने जीभ चावली आणि समोर येऊन बसला. "नाही, चुकलं माझंच. फौजदारानं किती वेळा बजावलं होतं."

"काय बजावलं होतं?"

ड्रायव्हर चुळबुळला. "हेच. तुला ऐकू येत नाही, हाक मारायची नाही, समोर जायचं."

"तुला सांगितलं?"

"सगळ्यांनाच. टोळीत नवा माणूस आला की आधी हेच. वर दम देतो, आपल्याला माहीत आहे हे खारोबाला कळलं तर याद राखा."

खारोबाचे कान तापले. ती नक्कल, त्या चढवलेल्या भुवया, सगळं त्याला आठवलं. ज्या नियमाची त्याने टर उडवली तो नियम त्याच्यासाठीच होता, आणि हसणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. आधी त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग शाळेच्या खिडकीतल्या मुलांकडे बघता बघता ती लाज ओसरली, आणि फौजदाराला आजच गाठायचं असं त्याने ठरवलं.

संध्याकाळी तो फौजदाराच्या घरी गेला. फौजदार स्टुलावर पाय टाकून लसूण सोलत बसला होता. खारोबा आत येताच त्याने खुर्ची फिरवून घेतली, उजेड तोंडावर पडेल अशी. असं तो नेहमीच करायचा. का, ते खारोबाला आज समजलं.

"ड्रायव्हर बोलला ना? त्याच्या पोटात काही राहत नाही."

"तुला कधी कळलं?"

"त्या पुलाजवळच्या झाडापाशी. मी खालून बोंबलतोय आणि तू फांदी सोडलीस. टोपी गेली माझी."

"टोपी वाऱ्यानं गेली म्हणालास."

"मग काय म्हणणार? तुझ्या फांदीनं डोकं जाता जाता राहिलं म्हणू?"

"तेव्हाच सांगायला हवं होतंस, गाढवा."

"हवं होतं," फौजदाराने हातातली पाकळी खाली ठेवली. "पण तू वर असलास ना, की मला बरं वाटायचं. मी कधी चढलो नाही, मला भोवळ येते. तुझ्याकडे बघत दिवस जायचा. स्वार्थच म्हण."

खारोबाला खूप बोलायचं होतं. बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं. "तू होतास म्हणून मी इतकी वर्षं झाडावर राहिलो," तो एवढंच म्हणाला. "उपकार आहेत तुझे. पण आज तो ड्रायव्हर गेला असता. त्याला घरी दोन मुली आहेत."

 फौजदाराने लसणाचं ताट खारोबाच्या पुढे सरकवलं, आणि दोघे मिळून सोलत बसले.

सकाळी टोळी जमली तेव्हा खारोबा मुकादमबाईंना बाजूला घेऊन गेला. त्याला हळूच सांगायचं होतं. पण आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नसलेल्या माणसाचं हळू ते काय! "बाई, मला ऐकू येत नाही. काल माझ्या हातून माणूस मेला असता," हे वाक्य फाटकावरच्या झाडूवाल्यापर्यंत पोचलं. तो झाडायचा थांबला.

बाई त्याच्या अगदी समोर आल्या. सावकाश, एकेक शब्द उच्चारत म्हणाल्या, "आणखी कुणाला माहीत होतं?"

"कुणालाही नाही," खारोबा म्हणाला.

त्याच वेळी बाईंची नजर त्याच्या मागे गेली, म्हणून त्यानेही वळून पाहिलं. फौजदार काठी टेकत आला होता, रजा असूनही. "मला माहीत होतं, बाई," असं त्याचे ओठ म्हणत होते.

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. फौजदाराशी नंतर बोलू, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. खारोबाला म्हणाल्या, "कान तपासून घ्या. यंत्र मिळतं का बघू. पण करवत आणि झाड आता नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "स्वतःहून सांगितलंत. आभारी आहे मी तुमची."

खारोबाने मान हलवली आणि कमरेचा चढायचा पट्टा सोडायला घेतला. बकल गंजलं होतं, ते काही केल्या सुटेना. टोळी गाडीत दोर भरत होती, कुणीही त्याच्याकडे बघत नव्हतं. ड्रायव्हर मदतीला पुढे झाला, पण फौजदाराने त्याला दंडाला धरून मागे ओढलं. आणि खारोबाच्या हाताने ते बकल सुटेपर्यंत, सुजलेल्या गुडघ्यावर भार देऊन, तो समोर ताठ उभा राहिला.