दोन सूर्यांचं तळं

दहाव्याला कावळा शिवेना.

प्रवरासंगमाच्या घाटावर सकाळी नऊपासून पिंड मांडून ठेवले होते. शेजारी द्रोणात सरांच्या आवडीची अळूवडी होती. समोरच्या झाडावर चांगले सात-आठ कावळे बसले होते, पण खाली उतरायला एकही तयार नव्हता. इतर वेळी याच घाटावर माणसाच्या हातातला घास पळवणारे कावळे! आज मात्र सगळे कसे उपास असल्यासारखे बसून होते.

सर म्हणजे यज्ञेश्वर सर. सोनईच्या हायस्कुलात चौतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेले. दहा दिवसांपूर्वी दुपारी जेवून उठले आणि हात धुता धुता मोरीपाशीच कोसळले. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

मुलगा सुश्रुत हात जोडून म्हणाला, "बाबा, आईला मी पुण्याला नेईन. काळजी करू नका." कावळे हलले नाहीत. मुलगी इरा म्हणाली, "बाबा, तुमची पुस्तकं शाळेला देऊ." तरी नाही. मग सरांचा जुना विद्यार्थी गोरक्ष पुढे झाला. हा त्यांच्या शेजारचाच शेतकरी, सगळ्यांना आपल्या गाडीतून घेऊन आला होता. "सर, शाळंला दरसाल नवे नकाशे म्या दीन," असं त्यानं मोठ्यानं सांगितलं. कावळ्यांना नकाशांचंही काही पडलेलं नव्हतं.

गोरक्ष विजयाबाईंकडे वळला. "काकू, सरांची कायतरी विच्छा ऱ्हायली आसंल. तुमालाच ठावं आसनार. बोला की."

विजयाबाईंना ठाऊक होतं. ओठांपर्यंतही आलं होतं. पण घाटावर सरांचे चाळीसेक विद्यार्थी उभे, दोन माजी मुख्याध्यापक उभे, सासरची सगळी मंडळी उभी. त्यांच्यादेखत काय सांगायचं? की अहो, तुमचा तो टीव्हीवरचा खेळ अर्धा राहिलाय, तो मी पुरा करते? गावानं आदरानं वाकून नमस्कार केलेला माणूस, आणि त्याची शेवटची इच्छा व्हिडिओ गेममध्ये! त्यांनी मान खाली घातली. "मला नाही काही माहीत," त्या म्हणाल्या.

अकरा वाजता गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. विजयाबाईंना मात्र वाटलं, आपण भर घाटावर नवऱ्याला ओळख दाखवली नाही.

तो खेळ सुश्रुतचा. नवा घेतल्यावर त्यानं टीव्हीला जोडायचा जुना डबा आईवडिलांकडे आणून टाकला होता. अंतराळातल्या लढायांची एक इंग्रजी चित्रपटमालिका होती. तिचा पहिला भाग सरांनी कॉलेजात असताना नगरच्या टॉकीजमध्ये चारदा पाहिला होता. त्याच मालिकेवरचा हा खेळ. निळ्या अंगरख्यातला एक माणूस एकटाच ग्रहामागून ग्रह हिंडतो, लोखंडी जनावरांशी झुंजतो, दऱ्या ओलांडतो. सर त्यात असे अडकले की विचारू नका. चष्मा नाकावर आणून, जीभ किंचित बाहेर काढून बटणं दाबत बसायचे. कुणी भेटायला आलं की विजयाबाई बेधडक सांगत, "पोथी वाचतायत."

"दोघांनी खेळायचा नसतो का हो?" असं त्यांनी एकदा कुचेष्टेनं विचारलं होतं.

"नाही. खेळणारा एकच लागतो. बघायला कितीही चालतात," सर म्हणाले होते आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून एक निळी प्लॅस्टिकची खुर्ची आणून त्यांनी आपल्या खुर्चीशेजारी मांडली होती. विजयाबाईंनी तिच्यावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवायला सुरुवात केली. सोयीची होती.

रोज दुपारी चारला, चहाच्या वेळी, आतून हाक यायची. "विजू, पाच मिनिटं ये. दोन सूर्य मावळतायत बघ."

"आले हो," विजयाबाई स्वयंपाकघरातून म्हणत आणि चहाला आधण ठेवत. दोन सूर्य म्हणे! एकच आहे तो पुरे होता. कुरडया त्याच्यावर छान वाळत होत्या. थोड्या वेळानं सर आपणच चहाला येत. "राहू दे. उद्या," एवढंच म्हणत. कधी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं आता वाटत होतं.

घाटावरून घरी परतताना गाडीतच विजयाबाईंनी मनाशी ठरवलं. तेराव्यापर्यंत माणूस घराभोवती असतो म्हणतात. तीन दिवस हातात होते. तेवढ्या दिवसांत खेळ शेवटाला न्यायचा, म्हणजे त्यांना मोकळ्या मनानं जाता येईल. जे तोंडानं बोलता आलं नाही ते हातांनी करायचं.

त्या दुपारी पाहुणे लवंडले तशा त्या आतल्या खोलीत गेल्या, दार लोटलं आणि सरांच्या खुर्चीत बसल्या. टीव्ही लावला, रिमोट हातात घेतला आणि सर दाबायचे तसं मधलं बटण दाबलं. निळ्या अंगरख्यातला माणूस उगवला. एका तळ्याकाठी पाठमोरा उभा होता. समोर मोठं पाणी, वर जांभळट आभाळ. सर इथंच अडकले असणार, विजयाबाईंनी तर्क केला. पुढे जायचा रस्ता शोधायला हवा. त्यांनी आणखी एक बटण दाबलं. माणसानं थेट तळ्यात उडी मारली आणि बुडाला.

"अगं बाई!" त्या ओरडल्याच. पडदा काळा झाला. मग तो माणूस पुन्हा काठावर कोरडा ठणठणीत उभा राहिला. विजयाबाई कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. इथं बुडालेला परत येत होता.

अकराव्या दिवशी त्यांनी त्याला तळ्यापासून दूर जंगलाकडे नेला. तिथं लोखंडी लांडग्यांनी त्याला फाडला. एकदा नाही, तीस-चाळीसदा. अंगठे सुजले, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. ज्या हातांनी आयुष्यभर पुरणपोळ्या लाटल्या त्यांना एक माणूस सरळ रेषेत चालवता येत नव्हता. आणि हेच सर किती सहज करायचे! त्यांचं काही अवघड असेल असं या घरात कुणाला कधी वाटलंच नव्हतं.

बाराव्याला सपिंडी आटोपली. दुपारी इरा त्यांना शोधत आत आली, तेव्हा लांडग्यांनी नुकताच पुन्हा घात केला होता.

"आई? हे काय करतेयस तू?"

विजयाबाईंनी सगळं सांगितलं. घाटावर गप्प बसल्याचंही. इरा हसली नाही. तिनं हात पुढे केला. "दे, मी करते."

"नाही. बोलायचं मी होतं, करायचंही मीच. तू फक्त बघून सांग, पुढे किती राहिलंय. उद्या तेरावा आहे गं."

इरानं रिमोट घेतला. खटाखट दोन-तीन बटणं दाबून तिनं एक यादी उघडली. वाचता वाचता ती थांबली.

"आई, बाबांचा गेम अर्धा नाहीये. चार महिन्यांपूर्वीच पुरा झालाय."

"मग रोज काय करत होते?"

इरानं यादी वर सरकवली. ओळीनं छोटी छोटी चित्रं होती, आणि सगळ्यांत तेच तळं, तोच पाठमोरा माणूस. प्रत्येकाखाली तारीख, वेळ आणि सरांनी स्वतः टाइप केलेलं नाव. विजू एक. विजू दोन. विजू तीन. वेळ चार वाजून पाच मिनिटं, चार वाजून दहा, चार वाजून सात. शेवटचं होतं विजू एकशे चौदा. त्यावर सर गेले त्याच्या आदल्या दिवसाची तारीख होती.

"खेळायला नाही, ते फक्त इथं यायचे," इरा हळूच म्हणाली. "सूर्य मावळायच्या जरा आधी येऊन थांबायचे, आणि तू आली नाहीस की तिथंच जपून ठेवायचे. उद्यासाठी."

विजयाबाई उठल्या. शेजारच्या निळ्या खुर्चीवर कपड्यांचा ढीग होता. सगळ्यात वर सरांचा धुतलेला पांढरा सदरा, विजयाबाईंनीच बारा दिवसांपूर्वी घडी करून ठेवलेला. त्यांनी तो ढीग उचलून पलंगावर ठेवला आणि त्या खुर्चीत बसल्या. पहिल्यांदाच.

"लाव ते शेवटचं," त्या म्हणाल्या.

इरा सरांच्या खुर्चीत बसली. तळं उघडलं. सुरुवातीला काहीच झालं नाही. मग थोरला सूर्य पाण्याला टेकला आणि सावकाश आत गेला. अंधार होईल असं वाटलं, पण झाला नाही. धाकटा अजून वर होता, तांबूस, एकटा. त्याच्या उजेडात सगळं तळं उजळलं. खरंच सुंदर होतं. भूगोलाच्या मास्तराला ते कुणाला तरी दाखवावंसं वाटणारच होतं, आणि ते कुणी म्हणजे चाळीस विद्यार्थी नव्हते, त्या होत्या. पाच मिनिटांचंच तर काम होतं.

बराच वेळ कुणी बटण दाबलं नाही, तेव्हा निळ्या अंगरख्यातल्या माणसानं आपणच मान वळवून मागे पाहिलं. कुणी येतंय का बघावं तसं.

"आले हो," विजयाबाई म्हणाल्या, आणि दहाव्यालाही रडल्या नव्हत्या त्या, तोंडावर पदर घेऊन ओक्साबोक्शी रडू लागल्या.

इरानं रिमोट मांडीवर ठेवला आणि आईचा हात धरला. पलीकडच्या खोलीतून कुणीतरी चहासाठी हाक मारली. दोघींपैकी कुणीही उठलं नाही.