मशीन म्हणजे इलेक्ट्रॉनिक नव्हे

“भाड्यानं कायले आनतं बे? आपली मशीन हाये ना तिथंच,” शेषराव मोबाइलच्या पडद्याला म्हणाले. “तुह्या गाडीत. सोफ्याखालच्या पेटीत.”

पडद्यावर कॅनडा होता आणि कॅनडात त्यांचा मुलगा प्रसेनजित होता. त्याने तोंडाशी नेलेला चहाचा कप खाली ठेवला.

“कोनती मशीन?”

“कोनती म्हंजे? मशीन.”

आसेगावात शेषरावांच्या तोंडी मशीन म्हणजे एकच : लाऊडस्पीकरची. तिला अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं, तिच्या पाठीवर तसं इंग्रजीत लिहिलेलंही होतं. पण घरातल्या माणसाला कोणी आधार कार्डावरच्या नावानं हाक मारत नाही.

या मशीनवर शेषरावांचा संसार झाला. लग्नं, बारशी, पोलिओचे डोस, सरपंचांची भाषणं, आणि दरवर्षी न चुकता चौदा एप्रिल. मग मोठमोठ्या डीजेच्या गाड्या आल्या. त्या वाजल्या की घरातली भांडी मांडणीवरून आपोआप खाली येतात, आणि हा त्यांचा गुण समजला जातो. तशी एक गाडी शेषरावांच्या भाच्याचीच होती. कॅनडाला जाण्याआधी मशीनला गावात एकच मोठं काम मिळालं होतं, हरवलेल्या म्हशीचं. म्हैस सापडली, पण ती स्वतःहून आली होती, त्यामुळे श्रेय वादग्रस्त राहिलं. चौदा एप्रिलच्या सकाळची विहारातली वंदना तेवढी मशीनकडे उरली होती. मशीन तिकडे राहिली, तर यंदा विहाराला कोणीतरी कोरा संच दान दिला. दान देणाऱ्यावर रागावता येत नाही, म्हणून शेषराव रागावले नाहीत.

राहता राहिला कॅनडा. तिथे प्रसेनजित आणि त्याच्यासारखी काही कुटुंबं परवा एका हॉलमध्ये जयंती करणार होती. भाड्याच्या संचाची गोष्ट निघाली आणि शेषरावांना आपल्या मशीनची आठवण झाली. म्हणजे आठवण रोजच होती. बोलायला निमित्त मिळालं.

“बाबा,” प्रसेनजित म्हणाला, “दिवाळीच्या आंधी मी तुमाले इचारलं होतं. गाडीत काई इलेक्ट्रॉनिक राह्यलं का म्हनून. तुमी नाई म्हनले.”

“मंग? इलेक्ट्रॉनिक कुठं होतं काई?”

प्रसेनजितने कप टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवला.

गेल्या उन्हाळ्यात शेषराव आणि भागिरथाबाई तिकडे दोन-अडीच महिने राहून आले होते. प्रसेनजितने तेव्हा घर आणि गाडी यांचं लग्न लावून दिल्यासारखं एक वाहन घेतलं होतं. आत पलंग, शेगडी, मोरी, संडास. भागिरथाबाईंनी सगळं हिंडून पाहिलं आणि म्हणाल्या, “ऊसतोडीले जानाऱ्याच्या बैलगाडीत पन एवढंच सामान राह्यते. संडास तेवढा जास्तीचा हाये.” मशीन, माईक आणि एक लहान भोंगा शेषरावांनी पाहुण्याने सुपारी न्यावी तसे सोबत नेले होते. ती मशीन मोटारीच्या बॅटरीवरही चालते, त्यामुळे एका तळ्याकाठी त्यांनी ती लावली. शेजारच्या तंबूतला गोरा तक्रार घेऊन आला.

परतताना सामानाचं वजन भरलं. भागिरथाबाईंनी जमवलेल्या लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरण्या, की मशीन, असा प्रश्न उभा राहिला. बरण्या आल्या. मशीन कोणत्याही कागदपत्रांशिवाय कॅनडाची रहिवासी झाली. पुढच्या वर्षी येऊन वाजवू म्हणून भागिरथाबाईंनी तिला आपल्या गोधडीत गुंडाळलं, सुतळीने बांधलं आणि पेटीत निजवलं. पण यंदा त्यांच्या गुडघ्याने नाही म्हटलं.

तिकडे हिवाळा लागायच्या आत प्रसेनजितने गाडीतलं पाणी काढलं, टीव्ही काढला, बॅटरी काढली, भिंतीवरचं घड्याळही काढलं, आणि वडिलांना फोन करून विचारलं. शेषरावांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं होतं. इलेक्ट्रॉनिक म्हणजे जे थर्माकोलमध्ये येतं आणि बिघडलं की दुकानदार ‘नवंच घ्या’ म्हणतो. मशीन त्यांनी स्वतः सतरा वेळा खोलली होती.

“किती थंडी पडली तिथं?” त्यांनी आता जरा घाईने विचारलं.

“उने तीस. काई दिवस त्याहून खाली.”

शेषरावांनी भागिरथाबाईंकडे पाहिलं. आसेगावात पारा आठावर आला की मंगरूळपीरचा पेपर शेकोटीचा फोटो छापतो. शून्याच्या खाली काय असतं याचा त्यांना अनुभव नव्हता.

“गोधडी होती ना पन,” भागिरथाबाई म्हणाल्या.

“आई, गोधडी गरम नाई करत. आपल्या अंगातली गरमी फक्त आत ठेवते. मशीनच्या अंगात गरमी कुठं हाये?”

“मंग तुले लहानपनी काहून झोप लागे तिच्यात?”

प्रसेनजित उठला, अंगात जाड कोट घातला आणि फोन हातात घेऊन बाहेर गेला. गाडी आदल्या संध्याकाळीच त्याने दारात आणून उभी केली होती. तिकडे नुकतं उजाडलं होतं आणि एप्रिल असूनही कुंपणाशी बर्फ होता.

त्याच वेळी आसेगावात भर उन्हातून मोटारसायकल घेऊन शेषरावांचा भाचा आला. हा रवी, डीजेच्या गाडीचा मालक. मशीनवरच तो सगळं शिकला होता, आणि म्हणून तिची चेष्टा करण्याचा पहिला हक्क त्याचा होता. संध्याकाळ झाली तरी ऊन उतरलं नव्हतं. तो आला तो थेट माठाकडे.

“ए, हात नको लावू!” भागिरथाबाई ओरडल्या. “बस आंधी. आंगातलं ऊन निवू दे. मंग पानी.”

“मामी, जीव चाल्ला ना वं!”

“काई नाई जात. बस.”

रवी बसला. काय झालं ते त्याला सांगण्यात आलं. त्याने पडद्यात डोकावून पाहिलं. प्रसेनजित पेटीतून गोधडीचं गाठोडं काढत होता. गाठोड्याच्या सुतळीवर पांढरं दव गोठलेलं होतं.

“मामा, हे तं फ्रिजरमधलं मटन झालं,” रवी म्हणाला. “दादा, घरात ने अन् लगेच चालू कर. चालू झाली का आपोआप गरम होते थे.”

“मले बी तसंच वाट्टे,” शेषराव म्हणाले. त्यांना तसं वाटत नव्हतं. त्यांना फक्त आत्ताच कळायला हवं होतं. “सोड सुतळी. लाल लाईट लागते का पाह्य.”

प्रसेनजित गाठोडं घेऊन स्वयंपाकघरात आला. “थांबा ना बाबा. इतकी थंड वस्तू गरम घरात उघडली का तिले घाम येते म्हनतात. आतून. पानी सुटते तारायवर. तसंच चालू केलं तं गेली.”

“मंग काय करतं?”

“थेच पाहून राह्यलो.” त्याचा एक हात गाठीवर होता आणि दुसरा इंटरनेट शोधत होता.

“त्यात पाह्यचं काय हाये?” भागिरथाबाई रवीकडे बोट दाखवून म्हणाल्या. “ह्याले काहून बसवलं मी? गोधडी सोडू नको. तशीच राहू दे बांधलेली. बाहेरून आली थे. निवू दे.”

निवणं म्हणजे गार होणं. वऱ्हाडात त्याची गरज वर्षातले नऊ महिने पडते, त्यामुळे शब्द घासून गुळगुळीत झाला आहे. शून्याखालून वर येण्याला काय म्हणायचं, हा प्रसंग तिथे आजवर आलेला नव्हता.

“आई, निवनार नाई, गरम होनार हाये,” प्रसेनजित हसत म्हणाला.

“तेच म्हन्लं मी.”

“कवापर्यंत?”

“दिवस जाऊ दे तुहा. हात नको लावू.”

प्रसेनजितने फोनवर वाचलं, मान हलवली आणि गाठोडं तसंच्या तसं कोपऱ्यातल्या खुर्चीवर ठेवलं. पाहुण्यासारखं ते तिथे बसलं. रवीला पाणी मिळालं.

“अन् नाईच चालू झाली तं, मामा?” दुसरा पेला संपवून रवीने विचारलं. “माह्यावाला लहान सेट पाठवू का पार्सलनं?”

“तुह्या सेटनं त्यायच्या हॉलाचे काच फुटतीन,” शेषराव म्हणाले.

रवी गेल्यावर त्यांनी भागिरथाबाईंना विचारलं, “बरन्या किती आनल्या होत्या वं तुनं?”

“जेवता का आता?” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेषराव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पलंगावर बसले. फोन आला तेव्हा तिकडे संध्याकाळ होती. टेबलावर गोधडी उलगडलेली होती आणि तिच्यावर मशीन. कोरडी होती, तरी प्रसेनजितने तिला आतून-बाहेरून पुसून घेतलं होतं. माईक, भोंगा, बॅटरी, सगळं जोडून तयार होतं.

“लावू?”

“लाव.”

लाल लाईट लागला. भागिरथाबाईंनी “पाह्य!” म्हणून शेषरावांच्या दंडाला धक्का दिला. पण लाईट हा सरकारी आश्वासनासारखा असतो. आवाज येईपर्यंत शेषराव त्याला मोजत नसत. प्रसेनजित माईकमध्ये बोलला. त्याचे ओठ हलले. भोंग्यातून काही आलं नाही.

“गेली,” प्रसेनजित म्हणाला.

“अबे गेली काय गेली? आवाजाची घुंडी आखडली असन. शून्यावर ने. आता फुल कर. पुन्हा शून्य. फिरवत राय. जोरानं नाई बे, लाडानं.”

प्रसेनजित फिरवत राहिला. भोंग्यात खरखर झाली. मग थांबली. मग जोवारीच्या भाकरीचा पापुद्रा मोडावा तसा एक आवाज झाला, आणि त्याच्यामागून एक बारीक, सलग घरघर सुरू झाली. कोणालाही तो बिघाड वाटला असता. शेषराव सावरून बसले.

“बोल आता.”

“काय बोलू?”

शाळेत असताना पोरं प्रसेनजितला ‘हॅलो चेक’ म्हणून चिडवायची, आणि म्हणून त्याने कधी माईकला हात लावला नव्हता. त्याने आता इकडे तिकडे पाहिलं. स्वयंपाकघरात त्याच्याशिवाय कोणी नव्हतं.

“हॅलो,” तो म्हणाला. “हॅलो चेक. हॅलो आसेगाव.”

भोंग्यातून तो मोठा होऊन आला, समुद्र ओलांडून फोनमध्ये शिरला आणि आसेगावच्या त्या खोलीत थोडासा चिरकत उभा राहिला. त्याच्या पाठोपाठ कान फाडणारी शिट्टी सुरू झाली. खोली लहान, भोंगा माईकच्या तोंडासमोर, व्हायचंच होतं. प्रसेनजित गोंधळून इकडे तिकडे बघू लागला.

शेषरावांचा उजवा हात वर आला, अंगठा आणि दोन बोटं हवेत काहीतरी गोल धरून डावीकडे वळली, अगदी थोडी. पडद्यावर प्रसेनजितने वडिलांच्या बोटांकडे पाहिलं आणि आपली घुंडी तेवढीच वळवली. शिट्टी थांबली.

“आता बोल,” शेषराव म्हणाले.

मुलगा बोलू लागला. शेषरावांनी हात खाली घेतला नाही. आवाज कुठे चढतो, कुठे पडतो ते ऐकत, बोटांत धरलेली ती हवा ते केसाएवढी इकडे, केसाएवढी तिकडे करत राहिले.