चौथ्या गाण्यातला थांबा

"सांगून कुणाला पटायचं नाही, पण ह्या एका सीडीनं आमची चाकणची अख्खी कंपनी उभी केली होती," साहेबराव म्हणाले आणि स्टुलावर जरा पुढे सरकले. "उभी म्हणजे, हात जोडून उभी!"

थेरगावात डांगे चौकामागच्या गल्लीत अन्वरचं गाड्यांच्या टेपचं दुकान. अन्वर टेप दुरुस्त करतो, त्याची बायको रुबीना शिलाई मशीनवर सीटकव्हरं शिवते. दारात साहेबरावांची म्हातारी व्हॅन उभी होती. दुपारी भंगारवाला तिला न्यायला येणार होता, आणि सीडी तिच्या टेपच्या पोटात अडकून बसली होती. बटण दाबलं की आतून नुसती घरघर. व्हॅन गेली तर जाऊ दे, सीडी मात्र धड बाहेर यायला हवी होती. टेप काढून अन्वरनं टेबलावर ठेवला, तेव्हापासून साहेबरावांची नजर त्यावरून हलली नव्हती. तोंड तेवढं चालू होतं.

"खंडेनवमी होती. पत्रा दाबायच्या प्रेसला झेंडूच्या माळा, मॅनेजरच्या डोक्यावर रुमाल. मी खिशातनं आरत्यांची सीडी काढून लावली. आता आमच्या दिव्यानं आरत्याही कोऱ्या सीडीवर भरून दिलेल्या, आणि तिचं ते परदेशी रडगाणंही तसल्याच सीडीवर. लागली भलतीच! गिटार वाजायला लागली. लोकांना वाटलं, नव्या चालीची आरती आहे. मिटलेले डोळे उघडतंय कोण? सगळ्यांनी टाळ्या धरल्या. आणि मग तो गाणारा जो किंचाळला राव! कँटीनच्या शालनबाईंच्या अंगातच आलं. केस सोडून घुमायला लागल्या. मॅनेजरनं घाबरून नारळ फोडला, आणि कित्येक दिवस बंद पडलेली प्रेस, कुणी हात न लावता, धाडकन खाली आली!"

"हात न लावता?" अन्वरचा स्क्रूड्रायव्हर थांबला.

"विचार शालनबाईंना."

"मागच्या खेपेला शालनबाई गावी गेल्या होत्या, चाचा," रुबीना मशीन न थांबवता म्हणाली. "आणि प्रेस नव्हती, लेथ होती."

"लेथचं वेगळं. ते आदल्या वर्षी."

अन्वर हसला. "पण चाचा, एवढा जीव कशाला टाकताय? मोबाइलवर सगळं मिळतं आता."

"माझं काय अडलंय? दिव्यासाठी चाललंय सगळं. हिंजवडीला असते, जावई चांगला, पण फोन केला की आधी सीडीची खुशाली विचारते, मग बापाची."

दिव्या असलं काही विचारत नसे. उलट परवाच व्हॅन विकायचं निघालं तेव्हा ती म्हणाली होती, "बाबा, ती सीडी पण जाऊ दे त्यात. मला आता ऐकवत नाही ते. कसे रडायचो ना आम्ही, काही कारण नसताना!" ती हसली. मग साहेबरावही हसले.

शाळेत असताना ती काजळ गालापर्यंत न्यायची आणि केसांनी एक डोळा झाकून घ्यायची. साहेबराव तिला व्हॅनमधून क्लासला सोडायचे तेव्हा हीच सीडी लावायची सक्ती असे. "कोण कापतंय गं ह्याला?" ते विचारत. "इमो म्हणतात ह्याला, बाबा, इमोशनलमधलं इमो. तुम्हाला नाही कळायचं." त्यांना खरंच कळत नसे.

मग दिव्याची आई, सुमनताई, गेल्या. घर पाहुण्यांनी भरलं, आणि पाहुण्यांना सवयीचे साहेबराव हवे होते. त्यांनी गप्पा मारल्या, सगळ्यांना हसवलंही. मग पेट्रोल भरून येतो म्हणून उठले, व्हॅन कंपनीच्या मागच्या कुंपणाला लावली, काचा वर केल्या. सीडी टेपमध्येच होती. शब्द एक कळत नव्हता. पण गाडीत कुणीतरी मोकळ्या गळ्यानं रडत होतं, आणि ते साहेबरावांनीच रडायला हवं असं काही नव्हतं. पुढे कितीतरी वर्षं ते पेट्रोल भरायला जात राहिले. व्हॅन तेवढं पेट्रोल पीत नव्हती.

"आली, आली!" अन्वर म्हणाला. झाकण उघडून त्यानं चिमट्यानं एक पट्टी दाबली आणि सीडी दोन बोटांत अलगद बाहेर घेतली. वर जांभळ्या शाईतलं तुटकं बदाम होतं. अन्वरनं ती उजेडात तिरकी धरली. "चरा दिसत नाही. लावून बघू?"

"चौथं लाव," साहेबराव म्हणाले. "म्हणजे, दिव्याला तेवढंच आवडतं."

टेबलावरच्या स्पीकरमधून गिटार आली. हळू, मग दणदणीत. गाणारा चढत गेला, चढत गेला आणि मध्येच सगळं थांबलं. दुकानात फक्त मशीनची टकटक राहिली.

"संपलं वाटतं," म्हणत अन्वरनं बटणाकडे हात नेला.

"थांब!" साहेबरावांनी त्याचं मनगट धरलं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, हनुवटी वर झाली, डोळे मिटले. आणि तो गाणारा किंचाळला, तेव्हा त्याच्याबरोबर त्यांचे ओठही उघडले. आवाज नव्हता. पण पुढची ओळ, त्याच्या पुढची, सगळ्या त्या ओठांवर बरोबर पडत गेल्या.

रुबीनाच्या मशीनचं चाक थांबलं.

"चाचा," ती म्हणाली, "प्रेस आपोआप चालली, मानलं. शालनबाईंच्या अंगात आलं, तेही मानलं. पण ही सीडी दिव्याची आहे हे साफ खोटं आहे."