भिंतभर नाक

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे. अकरा पायऱ्यांची. अंगावर इतके रंग सांडलेत की माझा मूळ रंग कोणता, हे आता मलाही आठवत नाही.

एका सुताराने मला घडवलं आणि एका पेंटरने घरी नेलं. तो सिनेमाचे भलेमोठे फलक रंगवायचा. माझ्यावर उभं राहिलं की त्याच्या नजरेत जेमतेम एक भुवई मावे. पण रस्त्यापलीकडच्या माणसाला अख्खा चेहरा हसताना दिसला पाहिजे! जवळून नुसते फराटे, लांबून जिवंत माणूस, ही त्याची विद्या. जाणारे-येणारे थबकत, चहावाल्याचं दूध उतू जाई. मी मनात फुलून येई. हात त्याचा, पण उंची माझी होती ना!

पुढे छापील फलक आले आणि आम्ही दोघं घरी बसलो. एकदा पेंटरची बायको माळ्यावरची पेटी काढायला माझ्यावर चढली. फरशी ओली होती. माझा पाय सरकला, ती पडली, खुब्याचं हाड मोडलं. त्या दिवशी मला परसात फेकलं. मी तक्रार केली नाही. कुठल्या तोंडाने करणार?

हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, "आता चाला. नाहीतर खाट कायमची." पण तिच्या मनाचं हाड काही जुळेना. ती भिंतीकडे तोंड करून पडून राही. लेक विनवी, "आई, दोनच पावलं गं." ती पांघरूण डोक्यावर ओढून घेई.

एका सकाळी पेंटर परसात आला. माझ्यावरची कोळिष्टकं पुसत म्हणाला, "चल गं, काम आहे."

तिची खाट हातभर सरकवून त्याने तीच भिंत रंगवायला घेतली. लेकीने कपाळाला हात लावला. "बाबा, घर आहे हे, थिएटर नाही!"

आणि चुकलं ते तिथेच. जन्मभर रस्त्यासाठी रंगवलेला हात, त्याला खोलीचा अंदाज कुठला! पाचव्या दिवशी रंगकाम संपलं. बायकोने डोळे उघडले, तर समोर भिंतभर नाक.

कित्येक आठवड्यांनी तिला वाचा फुटली. "अहो, हे काय? मांजर विईल त्या नाकपुडीत!"

"ते लांबून बघायचं असतं," पेंटर ओशाळून म्हणाला.

"लांबून? मी काय खाटेसकट उडू?"

दुपारपर्यंत ती धुसफुसत होती. मग लेकीला म्हणाली, "धर गं मला. नाक कुणाचं, ते तरी कळू दे."

चार पावलांवर नाकाला डोळे आले. दुसऱ्या दिवशी ती उंबऱ्यापर्यंत गेली, तेव्हा ओठ आले. तरी ओळख पटेना. मग अंगण, मग फाटक. आठव्या दिवशी लेकीचा खांदा धरून तिने गल्ली ओलांडली, वळली, आणि उघड्या दारातून पाहिलं. भिंतीवर विशीतली एक मुलगी हसत होती. ती स्वतःच.

दुखरा पाय विसरून ती कितीतरी वेळ उभी राहिली.

"अहो, मी अशी दिसायचे?"

"दिसायचे काय? दिसतेस," पेंटर दारातून म्हणाला.

"चला, काहीतरीच!" म्हणत तिने डोळे पुसले.

मित्रांनो, औषधाने हाड जुळतं. पण माणसाला उठावंसं वाटायला काहीतरी बघायचं, ऐकायचं राहिलेलं असावं लागतं. ते चित्र देतं, गाणं देतं, गोष्ट देते. तुमच्या घरी कुणी भिंतीकडे तोंड करून पडलं असेल, तर रंग काढा, गळा मोकळा करा. चुकलं तर चुकू द्या. आणि रंगवणाऱ्या हातांना, ते म्हातारे झाले तरी, 'आता पुरे' म्हणू नका.

मला मात्र आता बोलायला फुरसत नाही. पेंटर मला परसात ठेवायला निघाला होता, तेवढ्यात गल्लीपलीकडून हुकूम सुटला, "अहो, शिडी कुठे नेताय? माझा डावा कान कुडीवाचून मोकळाच ठेवलाय तुम्ही!"