‘लेपेलार’वरची काशाची हत्यारं

‘लेपेलार’ ही समुद्रातले सुरुंग काढणारी आमच्या नौदलाची बोट वर्षाअखेर युक्रेनला द्यायचं ठरलं आणि जो तो आठवण म्हणून काहीबाही उचलू लागला. कुणी घड्याळ नेलं, कुणी दारावरची पाटी. मी कोठारवाला सीत्से, चोवीस वर्षं हिच्यावर घासलेली, मग मी काय हात चोळत बसू? सुरुंग निकामी करायला पाण्यात उतरणाऱ्या पाणबुड्यांच्या पाने-हातोड्यांची पेटी मी घरी नेली. सगळी काशाची, कारण समुद्रातल्या सुरुंगाला लोखंडाची चाहूल लागली की तो फुटतो. त्यांच्या जागी बाजारातली पोलादी ठेवली आणि वर सोनेरी रंग फासला. सरावापुरती आहेत, तिकडे गेल्यावर नवी घेतील, अशी मनाची समजूत घातली.

वसंतात युक्रेनची माणसं बोट शिकायला आली. त्यांच्यातला ओस्ताप सगळ्यांत तरबेज पाणबुड्या. सही घेऊन पेटी मी त्याच्याच हातात दिली. तिसऱ्या दिवशी तो फ्रिजवरचं चुंबक घेऊन कोठारात हजर.

“काका, हे बघा.” चुंबक पान्याला टक्कन चिकटलं. “हे घेऊन खाली गेलो असतो तर आईला माझं बोटसुद्धा मिळालं नसतं. तुम्हाला कुणीतरी फसवलंय. कप्तानांना तुम्हीच सांगा, मी सांगितलं तर तुमच्यावर ठपका येईल.”

वेडा माझी अब्रू सांभाळत होता. ऑक्टोबरात मला इतक्या वर्षांच्या नोकरीचं पदक मिळायचं होतं.

आमच्या कप्तान रूलोफना मी ओस्तापसमोरच सांगितलं, “मी काशाचीच दिली होती. ही त्याची सही. कुठे विकली ते त्यालाच ठाऊक.”

“काका?” ओस्ताप एवढंच म्हणाला.

“चोर तो चोर, वर शिरजोर!” कप्तान ओरडले. दुसऱ्या दिवशी त्याला परत पाठवलं. मला सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू?

ऑक्टोबरात बोटीवरचा आमचा झेंडा उतरला, मला पदक मिळालं. युक्रेनचे कप्तान बोहदान यांनी केकचा तुकडा माझ्या हातात ठेवला.

“ओस्ताप कसा आहे?” मी विचारलं.

“पायदळात धाडला होता. सुरुंग कळतात ना, म्हणून सगळ्यांच्या पुढे चालवला. जूनमध्येच गेला.” ते घुटमळले. “त्याची आई सारखी पत्रं पाठवते. विचारते, माझा मुलगा खरंच चोर होता का? सीत्सेकाका, तुम्हीच सांगा, काय लिहू?”

मी केक गिळला आणि म्हणालो, “जे खरं आहे तेच लिहा.”