स्पेनमध्ये विचारत नाहीत

राजश्रीने कापूस पाण्यात बुडवला, दोन बोटांनी हलकेच पिळला आणि चतुराबाईंच्या मिटलेल्या डोळ्यांवर ठेवला. मग उठून पंखा बंद केला.

"पंखा कशाला घालवलास? केवढं उकडून राहिलंय," शेषेराव म्हणाले. ते आईच्या पायाशी बसले होते, अंगात अजून रात्रीचीच बनियन.

"वाऱ्यानं डोळे कोरडे पडतात."

खालच्या मजल्यावरचे डॉक्टर नाडी पाहून, "गेल्या" एवढेच सांगून नुकतेच उतरले होते. स्वयंपाकघरात सासूबाईंसाठी गाळलेला चहा ओट्यावर तसाच होता. राजश्रीने चतुराबाईंचे डोके अलगद उचलून खाली आणखी एक उशी सरकवली. हे सगळे तिच्या हातांनीच केले, तिला विचारलेही नाही. कापूस, पंखा, उशी. व्याख्यानात इतक्यांदा सांगितलेले होते.

लातूरच्या एका शाळेत राजश्री भूगोल शिकवत होती आणि उरलेल्या वेळात नेत्रदानावर बोलत होती. महिला मंडळात, निवृत्तांच्या मेळाव्यात, गणपतीच्या मांडवात, जिथे माईक मिळेल तिथे. पाठीमागे लोक तिला 'स्पेनवाल्या बाई' म्हणत, हे तिला माहीत होते आणि मनातून आवडतही होते. स्पेन तिने पाहिलेला नव्हता. तिरुपतीच्या पलीकडे ती कधी गेली नव्हती. पण व्याख्यानाच्या शेवटी ती आवाज खाली आणून म्हणायची, "आपल्याकडं माणूस जिवंतपणी हो म्हणून सही करतो आणि मेल्यावर घरचे नाही म्हणतात. स्पेनमध्ये ही भानगडच नाही. तिथं विचारत नाहीत. तुम्ही आधी 'नको' सांगून ठेवलं नसेल, तर तुमचं 'हो'च धरतात. आपल्या सरकारनं बाकी काही नको, एवढं एक धोरण तिकडून आणावं." इथे टाळ्या पडत. पडल्या नाहीत असे एकदाही झाले नव्हते.

गेल्या संक्रांतीला लातूरजवळच्या मुरुडला, सासरच्या घरी तिने हळदीकुंकू केले आणि वाण म्हणून नेत्रदानाचे अर्ज वाटले. बायका स्टीलच्या डब्याच्या आशेने आल्या होत्या. त्यांनी कागदाची घडी करून पर्समध्ये सारली आणि तिळगूळ मात्र मागून घेतला. चतुराबाई नेहमीप्रमाणे आतल्या दाराशी बसल्या होत्या. नवरा गेल्यापासून असल्या कार्यक्रमात त्यांची जागा तीच. राजश्रीने त्यांना हाताला धरून बाहेर आणले, कुंकू लावले आणि त्यांच्याही ओटीत एक अर्ज घातला.

"हे वाण हाय का?" चतुराबाईंनी विचारले होते.

"हो, आत्याबाई."

"मला वाण मिळून लई वर्षं झाली." त्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "पर माझ्या डोळ्यात तर भिंग बसवलंय. चालंल का? का भिंग माघारी घेतेत?"

"चालतं. ऑपरेशन झालेलेही डोळे चालतात."

"मग घ्या. तेवढं औशाच्या माणसाला देऊ नका म्हणावं. आमचा व्याही औशाचा हाय, त्याच्यासारखं बघत बसंल माझ्या फोटूकडंच."

बायका पोट धरून हसल्या. औशालाच दिलेली त्यांची मुलगी केवळाबाई तेवढी हसली नाही. पदर खोचत ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "बघा बाई. लोकाच्या सुना सासूच्या पाटल्या मागतेत. आमची वैनी डोळेच मागून राहिली."

त्यावर बायका पुन्हा हसल्या, आधीपेक्षा जोरात. चतुराबाईंनी तेवढ्यात सावकाश, एकेक अक्षर बसवत सही केली.

आता राजश्रीच्या हातात फोन होता. नेत्रपेढीचा नंबर नावानिशी साठवलेला होता.

"करू का?" तिने विचारले.

"मी कुठं नाही म्हणतो? सही करतो की मी," शेषेराव म्हणाले. "पण केवळाला विचार आधी. नंतर दारात तमाशा नको."

"तुम्हीच विचारा ना. बहीण आहे तुमची."

"तुझा विषय आहे तो. तुला नीट सांगता येतं."

राजश्रीने केवळाबाईचा नंबर काढला आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली. मुरुडहून धाकट्या दिराने, बसवंतने, बहिणीला एव्हाना कळवले असणार. ती रडत असेल, चार बाया तिला धरून असतील. अशात फोन करून म्हणायचे काय? ताई, तुमच्या आईचे डोळे काढू का? आणि मुरुडला मयत पोचल्यावर ओसरीत उठणारा तो आवाज तिला आत्ताच ऐकू आला. सुनेनं सासूचे डोळे काढले. गल्लीतून बाजारात, बाजारातून शिवारात. पुढच्या संक्रांतीला, त्याच्या पुढच्या संक्रांतीला. तिने स्क्रीन विझू दिली.

मग कामे निघाली, आणि ती कामांच्या मागे लागली. शेजारणींना खुर्च्या दिल्या. ॲम्ब्युलन्सवाल्याला पत्ता सांगितला. ओट्यावरचा चहा मोरीत ओतला, पातेले घासले, घासलेले पुन्हा घासले. बसवंतचा फोन आला, "दादा, कवा निघून राहिलात? लोक जमलेत हितं."

शेषेराव स्वयंपाकघराच्या दारात आले. "ते काय झालं? फोनचं?"

"उशीर झाला आता," राजश्री पातेल्याकडे बघत म्हणाली.

उशीर झालेला नव्हता. मृत्यूनंतर किती तास हातात असतात, हे शेषेरावांना पाठ होते, कारण तिच्या व्याख्यानांना ते वर्षानुवर्षे शेवटच्या रांगेत बसत आले होते. भिंतीवरचे घड्याळ त्यांच्या अगदी समोर होते. त्यांनी तिकडे पाहिले नाही.

"बरं," ते म्हणाले आणि डोक्यावरचे ओझे कुणी उतरवून घ्यावे तसा त्यांचा चेहरा सैल झाला.

डोळ्यांवरचा कापूस काढायचा तेवढा राहिला. मुरुडच्या अंगणात केवळाबाई हंबरडा फोडत आईच्या अंगावर पडली, दोन्ही हातांत तोंड धरले, तेव्हा ओला कापूस तिच्या बोटांना लागला. ती थांबली. मान वर करून तिने राजश्रीकडे पाहिले. राजश्री खाली बघू लागली. काहीच झाले नाही. केवळाबाईने कापूस जागच्या जागी ठेवला, वरून पदराने जरा दाबला आणि पुन्हा रडू लागली, पण हळू.

त्यानंतर तेरवीपर्यंत केवळाबाई तिच्याशी इतकी मऊ वागली, की राजश्रीला तिची भीतीच वाटायला लागली. पंगतीत स्वतः वाढले. रात्री अंगावर चादर टाकली. दुःखाने माणूस बदलते, असे राजश्रीने स्वतःला सांगितले आणि वर मनातल्या मनात तिला थोडे गुणही दिले.

तेरवी झाल्यावर दोघी एकाच एसटीने निघाल्या. राजश्री लातूरपर्यंत, केवळाबाई तिथून पुढे औशाला. शेषेराव शेताच्या कागदपत्रांसाठी मागे राहिले. पुढच्या सीटवर गावातल्याच धुरपताबाई होत्या. त्या दांड्याला धरून मागे वळल्या.

"केवळा, मला यायला जमलं न्हाई बघ. गुडघे धरलेत. लई गुणाची होती गं तुझी माय."

"गेली. पर डोळे ठिवून गेली."

"म्हंजे?"

"दान केले. दोन माणसं बघून राहिलेत आता मायच्या डोळ्यानं." केवळाबाईने राजश्रीच्या मांडीवर हात ठेवला. "समदं आमच्या वैनीनं केलं. कुणाला आवाज येऊ दिला न्हाई. मला बी न्हाई."

"आगं बया. तुला इचारलं बी न्हाई?"

"त्या देशात इचारतच न्हाईत म्हणं. एकदा सही केली, की झालं." जणू ती स्वतःच तिकडे जाऊन आली होती. "कापूस बघितला तवा मला राग आलता. वाटलं, हिच्या झिंज्याच धराव्या. मग म्हणलं, मायनं सवता सही केलती, माझ्या डोळ्यादेखत. मी कोण मधी पडणारी? सासरी समद्यांला सांगितलं फोन करून. आमचा सासरा पैल्यांदा गप बसला."

धुरपताबाईंनी दांडा सोडून दोन्ही हात जोडले. "पुण्य लागंल बाई तुमाला."

आता सांगता आले असते. बस खड्ड्यातून गेली, सगळे उडाले, बसले. तेवढा वेळही होता. राजश्रीने, व्यासपीठावर हार घेताना झुकवते तशी, नम्रपणे मान झुकवली.

लातूरच्या स्टँडवर औशाची गाडी लागलेली नव्हती. दोघी बाकावर टेकल्या. केवळाबाईची पिशवी राजश्रीने आपल्याकडे घेतली होती. समोरून माणसे जात होती, कुणी रसवंतीकडे, कुणी गाडीच्या पाटीकडे मान वर करून. थोड्या वेळाने राजश्रीच्या लक्षात आले, की केवळाबाई गाड्यांकडे बघतच नाही. ती माणसांच्या डोळ्यांकडे बघत होती. एकेकाच्या, अगदी निरखून. एक बाई तर घाबरून पदर सावरत पलीकडे गेली.

"कुणाला बसवले ते सांगतेत का हो, वैनी?"

"नाही सांगत. नियम आहे तसा."

हे खरे होते. आयुष्यभर पुरेल इतके खरे होते. एवढ्या एका वाक्यावर राजश्रीला पुढची सगळी वर्षे काढता आली असती.

"लातूरचाच आसंल कुणीतरी. का नांदेडला पाठवतेत?" असे म्हणत केवळाबाई एकदम उठली. खांबाशी एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेला एक म्हातारा उभा होता. ती त्याच्यासमोर जाऊन थांबली. "कुठलं म्हणायचं तुमी, बाबा? डोळ्याला काय झालं?"

म्हातारा काहीतरी बोलला. तिने आणखी एक प्रश्न विचारला, वाकून त्याच्या उघड्या डोळ्यात पाहिले, आणि परत येऊन बसली.

"मोतीबिंदू हाय निस्ता," ती म्हणाली. "मला वाटलं, बघावं. आसू दे. पुढल्या बारीला." आणि स्वतःशीच हसली. तेरा दिवसांत पहिल्यांदा.

राजश्रीने पिशवीचे बंद बोटांना गुंडाळले.

"ताई, मी फोनच केला नाही."

"कुणाला?"

"नेत्रपेढीला. कापूस ठेवला, पंखा बंद केला. फोन केला नाही. डोळे गेले आत्याबाईंबरोबरच."

एक गाडी आली, कंडक्टर निलंगा निलंगा ओरडला, माणसे धावली, गाडी गेली.

"सही तर होती मायची."

"सही असली तरी घरच्यांना विचारावं लागतं. तुम्हाला विचारायला सांगितलं होतं यांनी."

"अन् त्या देशात?"

"तिथंही विचारतात." हे बोलायला राजश्रीला सगळ्यात जड गेले. "कायदा तसाच आहे, न विचारण्याचा. पण डॉक्टर घरच्यांपाशी येऊन बसतात, विचारतात, ते नाही म्हणाले तर घेत नाहीत. मी वाचलं होतं ते. भाषणात सांगत नव्हते."

"का?"

"टाळ्या पडल्या नसत्या."

केवळाबाईने पदराने तोंड पुसले. तिचा आवाज चढेल, स्टँडवरची माणसे गोळा होतील, याची राजश्री वाट बघू लागली. तसे झाले असते तर बरे झाले असते.

"मग तुमी मला का न्हाई इचारलं?" केवळाबाईने विचारले. आवाज साधाच होता. "मी न्हाई म्हणले आसते म्हणून?"

राजश्रीने होकारार्थी मान हलवली.

केवळाबाईने जरा विचार केला, बाजारात कुणी भाव विचारल्यावर करतात तसा, प्रामाणिकपणे.

"म्हणले आसते," ती म्हणाली. "आधी न्हाईच म्हणले आसते. तुमाला दोन शिव्या बी दिल्या आसत्या. मग रडले आसते. मग माय सही करताना कशी बसली होती, ते याद आलं आसतं. मग म्हणले आसते, न्या."

औशाची गाडी फलाटाला लागली. केवळाबाई उठली. तिने राजश्रीच्या बोटांना गुंडाळलेले पिशवीचे बंद एकेक करून सोडवले आणि पिशवी आपल्या हातात घेतली.

"घटकाभर बसावं लागलं आसतं तुमाला, माझ्यापाशी," ती म्हणाली, आणि गाडीकडे चालू लागली.